अक्कल गुडघ्यात असती तरी मायामी जिंकलं असतं

तिसरा डाउन, दहा यार्ड बाकी. चेंडू मायामीकडे, जॉर्जिया टेकच्या ३० यार्डांच्या रेषेवर. घड्याळात ३३ सेकंद. मायामी २०, जॉर्जिया टेक १७, आणि जॉर्जिया टेकचे टाइमआउट संपलेले. ७ ऑक्टोबर २०२३ च्या रात्रीच्या कॉलेज अमेरिकन फुटबॉल सामन्यातलं हे गणित चौथीतल्या पोराला घाला. बोटं न मोजता सांगेल की सामना संपलाय, हात मिळवा आणि घरी जा.

प्रशिक्षक मारिओ क्रिस्टोबालच्या मायामीने काय केलं? चेंडू रनिंग बॅकच्या, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्या गड्याच्या, पोटात कोंबला आणि त्याला गर्दीत ढकललं. चेंडू सुटला. २६ सेकंद उरले असताना तो जॉर्जिया टेकला मिळाला आणि मायामी घरच्याच मैदानावर २३-२० ने हरलं. चार सामने खेळून चारही जिंकलेला, देशात १७ व्या क्रमांकावरचा संघ, आणि समोर कोण, तर आठवडाभर आधी बोलिंग ग्रीनकडून ३८-२७ मार खाऊन आलेला.

सामना दुसऱ्यांदा नीट पाहिला की राग जरा शांत होतो म्हणतात. इथे उलटं होतं, कारण दुसऱ्यांदा पाहताना माणूस घड्याळाकडे बघतो.

अमेरिकन फुटबॉल न बघणाऱ्यांसाठी हिशेब एकदा मांडतो. दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी, म्हणजे चार डाउन. एक खेळी संपली की पुढची सुरू करायला ४० सेकंद मिळतात. खेळी मैदानाच्या आत संपली तर सामन्याचं घड्याळ चालूच राहतं आणि ते थांबवायला समोरच्याकडे टाइमआउट लागतो. तो नव्हता. क्वार्टरबॅकने, म्हणजे आक्रमण चालवणाऱ्या गड्याने, चेंडू घेऊन गुडघा टेकवला की खेळी तिथेच संपते. दोन सेकंद जातात, उरतात ३१. आता पुढची खेळी सुरू करायला हातात ४० सेकंद आहेत. म्हणजे ती सुरूच करायची नाही! उभं राहायचं. चौथा डाउन लागत नाही, पंट (चेंडू लाथेने लांब धाडणं) लागत नाही, काहीच लागत नाही.

प्रत्येक मोठ्या संघाच्या बाकावर या हिशेबाचा तक्ता असतो. समोरच्याकडे शून्य टाइमआउट असतील, तर साधारण ४२ सेकंद उरल्यावर तिसऱ्या डाउनला, १ मिनिट २४ ला दुसऱ्या डाउनला आणि २ मिनिटांच्या आसपास पहिल्या डाउनला गुडघे टेकायला लागलं की सामना खिशात. समोरच्याकडे एक टाइमआउट असेल तर त्यातून ४० वजा करा. एवढंच. हेडफोन लावलेली इतकी माणसं कडेला उभी असतात, त्यातल्या एकालाही हे ओरडून सांगता आलं नाही?

बरं, पळायचंच ठरवलं. मिळणार काय होतं ते तरी बघा. दोन-चार यार्ड मिळून गडी आत पडला, तर घड्याळ चालू, म्हणजे गुडघा टेकल्यासारखंच. रेषेबाहेर गेला, तर घड्याळ बंद, नुकसान. दहा यार्ड पार होऊन फर्स्ट डाउन, म्हणजे नव्या चार संधी मिळाल्या, तर आणखी गंमत. २०२३ पासून फर्स्ट डाउनला घड्याळ थांबणं बंद झालं, पण प्रत्येक हाफची शेवटची दोन मिनिटं त्याला अपवाद. म्हणजे तिथेही दहा यार्ड मोजणारी साखळी हलेपर्यंत घड्याळ थांबणार आणि मग परत गुडघाच टेकवावा लागणार. शेवटच्या रेषेपार जाऊन टचडाउन झाला, तर आकडा मोठा, निकाल तोच. आणि चेंडू सुटला, तर जे झालं ते. म्हणजे पळून जे सगळ्यात चांगलं हाती लागणार होतं, ते गुडघा टेकून फुकट मिळत होतं. असला सौदा भाजीबाजारातही कोणी करत नाही.

कबड्डीत तीन गुणांची आघाडी आहे आणि शेवटची चढाई आपली आहे, तर चढाईपटू काय करतो? निदान रेषा ओलांडतो आणि परत येतो. मुद्दाम कोपऱ्यात शिरून सात जणांच्या मिठीत पडत नाही.

त्या रनिंग बॅकला शिव्या देणाऱ्यांचाही वैताग येतो. अशा वेळी समोरचे अकरा जण गडी पाडायला येतच नाहीत, ते चेंडू काढायला येतात. एक जण कमरेला धरून उभा ठेवतो, दुसरा चेंडूवर ठोसे मारतो. बोटं, तळवा, कोपरापुढचा हात, दंड आणि छाती अशा पाच ठिकाणी चेंडू आवळून धरायला शिकवतात, पण पळताना अंग पिळलं की त्यातली एखादी जागा सुटतेच. म्हणून तर त्याला तिथे पाठवायचं नसतं.

गुडघा टेकायची रचना बघा, किती भित्री आणि किती सुंदर आहे. पुढची फळी खांद्याला खांदा लावून, मध्ये फट नाही. क्वार्टरबॅक चेंडू मागे देणाऱ्या सेंटरच्या पाठीशी चिकटून. चेंडू निसटलाच तर त्याच्यावर झोपायला दोन्ही बाजूंना एकेक जण. आणि अगदीच प्रलय झाला तर पाठलाग करायला दहा-पंधरा यार्ड मागे आणखी एक. कॉलेजच्या नियमात तर गुडघा जमिनीला लागावाही लागत नाही, टेकवल्यासारखं केलं तरी चेंडू मृत. इतकी सोय!

ही रचना रूढ झाली तीही अशाच एका मूर्खपणानंतर. १९ नोव्हेंबर १९७८ ला न्यू यॉर्क जायंट्सने जिंकलेल्या सामन्यात गुडघा टेकायचा सोडून हँडऑफ दिला, म्हणजे चेंडू पळणाऱ्याच्या हातात सोपवला. चेंडू सुटला, ईगल्सच्या हर्मन एडवर्ड्सने तो उचलून टचडाउन केला आणि जायंट्स १९-१७ ने हरले. दुसऱ्या दिवशी आक्रमणाच्या प्रशिक्षकाची नोकरी गेली. ४५ वर्षं होऊन गेली त्याला!

आणि क्रिस्टोबालना तर इतिहासात इतकं मागे जायचीही गरज नव्हती. २०१८ मध्ये ते ओरेगॉनला होते. स्टॅनफर्डविरुद्ध ३१-२८ आघाडी, शेवटच्या मिनिटात पळायला लावलं, चेंडू सुटला, बरोबरी झाली आणि ओव्हरटाइममध्ये ३८-३१ ने हरले. तिथे निदान सेकंदांवरून वाद घालता येतो. मायामीत वादालाही जागा नाही. सामन्यानंतर त्यांनी गुडघा टेकवायला हवा होता हे कबूल केलं. पाच वर्षांत दोनदा.

"मायामीचा क्वार्टरबॅक टायलर व्हॅन डाइकने तीन इंटरसेप्शन दिले, म्हणजे तीनदा पास थेट समोरच्याच्या हातात टाकला, त्याचं काय?" दिले ना. ते सगळं पचवून संघ २०-१७ पुढे होता. दिवसभर गळणारी बादली कशीबशी घरापर्यंत आणली आणि उंबऱ्यावर पालथी केली.

बचावफळीचंही ऐकून घ्या. जॉर्जिया टेकला २६ सेकंदांत ७४ यार्ड हवे होते, टाइमआउट शून्य. अजूनही वाचता येत होतं. पण आधी ३० यार्डांचा पास होऊ दिला, चेंडू मायामीच्या ४४ वर आला. तिथून फील्ड गोल (लाथेने खांबांमधून मारायचा तीन गुणांचा गोल) मारायचा तर ६१ यार्डांचा, म्हणजे जवळपास अशक्य. मग सगळ्यात मागच्या माणसाने समोरच्या सगळ्यात पुढच्या माणसाच्याही मागे राहायचं, एवढं एकच काम. मधे झेल घेऊ दे, फार तर मग बरोबरी होईल. तरी जॉर्जिया टेकचा ख्रिश्चन लिअरी सगळ्यांच्या मागे निघून गेला आणि त्यांचा क्वार्टरबॅक हेन्स किंगचा ४४ यार्डांचा पास त्याच्या हातात पडला. घड्याळात जेमतेम एकदोन सेकंद.

आणि इतकं होऊनही लोक आजवर कशावर भांडतात? चेंडू सुटण्याआधी रनिंग बॅकचा गुडघा टेकला होता की नव्हता! पंचांनी रिव्ह्यू घेतला, निर्णय कायम ठेवला. तरी चित्र थांबवून, मोठं करून बघणं चालूच आहे. अरे, चुकीच्या माणसाचा गुडघा बघताय.