रोल नंबर ४७

परवा एका कॉलेजात मी सव्वा तास व्याख्यान दिलं आणि ते कसं झालं, हे शेवटी मलाच विचारण्यात आलं. लेखी. पाचपैकी किती गुण, असं.

निमित्त नेहमीचंच. १० ऑक्टोबर, जागतिक मानसिक आरोग्य दिन. १९९२ पासून जगभर पाळतात आणि ज्या ज्या कॉलेजात मानसशास्त्र विभाग आहे तिथे त्या दिवशी दीपप्रज्वलन, व्याख्यान, पोस्टर स्पर्धा आणि प्रयोगांचे स्टॉल एवढं ठरलेलं असतं. हॉल कॉमर्सवाल्यांनी आधीच धरून ठेवला असेल तर जगाचा दिन आमच्याकडे १२ तारखेला उजाडतो. या मोसमात मानसशास्त्राच्या प्राध्यापकांना लग्नसराईतल्या भटजींइतकी मागणी असते. फरक एवढाच, की भटजींना दक्षिणा रोख मिळते आणि आम्हाला व्हाउचर. मानधन दीड हजार, त्यावर रेव्हेन्यू स्टॅम्प, स्टॅम्पवर आडवी सही. पाच हजारांपर्यंतच्या पावतीला स्टॅम्प लागत नाही, हे मी वर्षानुवर्षं सांगत आले आहे. आणि जाईन त्या कॉलेजातले अकाउंटचे काका "असू द्या मॅडम, ऑडिटला बरं पडतं" म्हणून ड्रॉवरमधून स्टॅम्प काढतात आणि जिभेला लावतात.

समईचंही तसंच. समई पेटत नाही हा अपशकुन नसतो, वात कोरडी असते. वाती आधी तेलात मुरवून ठेवायच्या, टोकं जराशी पिळून बाहेर काढायची आणि काडेपेटीऐवजी मेणबत्ती वापरायची. एवढं केलं की पाच पाहुणे, पाच वाती, दोन मिनिटांत काम होतं. पण वाती ऐनवेळी आणल्या जातात, तेल वरून ओततात, आणि मग पाहुणे एकामागून एक वाकून कापूस जाळत बसतात. तोवर पंखे बंद. ऑक्टोबर हीट, दोनशे मुलं, आणि पंख्याचं बटण नेमकं कुठलं हे फक्त शिपाईमामांना माहीत, तेही परवा रजेवर. कुणीतरी अंदाजाने बटणं दाबली तेव्हा पंख्यांबरोबर माइकही गेला. स्वागतगीत मुलींनी तसंच, घशाच्या जोरावर म्हटलं. उत्तम म्हटलं.

स्टॉलवर मात्र माझा जीव असतो. विद्यार्थी तिथे खरोखर काहीतरी करतात. आरशात बघून चांदणी गिरवण्याचा प्रयोग सगळ्यात लोकप्रिय. हात थेट दिसू नये म्हणून मध्ये पडदा असतो, समोर आरसा, आणि दुहेरी रेषेच्या चांदणीतून पेन्सिल रेषेला न शिवता फिरवायची. चार-पाच फेऱ्यांत चुका आणि वेळ दोन्ही कमी होत जातात, तोच मुद्दा. पण स्टॉलवर गर्दी म्हणून प्रत्येकाला एकच फेरी देतात. त्यामुळे शिकण्याचा प्रयोग केवळ फजितीचा प्रयोग होऊन बसतो. शेजारी स्ट्रूपचा स्टॉल होता. १९३५ सालचा हा प्रयोग समजायला सोपा आहे: 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत छापायचा आणि शाईचा रंग विचारायचा. माणूस शब्द वाचून टाकतो आणि अडखळतो. मुलांनी शब्द मराठीत छापले होते, हे फार छान. वाचनाची सवय जिथे पक्की तिथेच अडखळणं जास्त, म्हणून मराठी माध्यमाच्या मुलांना मराठीच कार्ड हवं. फक्त कार्डं कमी पडली म्हणून जास्तीच्या प्रती काढल्या होत्या, त्या ब्लॅक अँड व्हाईट झेरॉक्स. "शाईचा रंग कोणता?" "काळा." "हा?" "काळा." प्रत्येकाचा वेळ विक्रमी. प्राचार्यांनी पाठ थोपटली. पुढच्या टेबलावर कागद दुमडून केलेले शाईचे डाग होते, ज्याला त्यात जे दिसतं त्यावरून त्याच्या मनाचा अंदाज बांधायचा. "काय दिसतंय सर?" असं मुलीने मोठ्या आशेने विचारलं. सर म्हणाले, "सांडलंय काहीतरी."

माझा विषय होता 'नाही म्हणायला शिका'. हे लक्षात ठेवा.

व्याख्यान संपलं. हल्ली पुष्पगुच्छ देत नाहीत, पर्यावरणपूरक म्हणून रोपटं देतात. एका हातात नुकतंच पाणी घातलेली तुळशीची कुंडी, दुसऱ्या हातात समोसा-वेफर्सचा डबा, खांद्यावर पर्स, अशी मी दाराशी पोहोचले तर समोर तृतीय वर्षाचा एक विद्यार्थी. छातीवर बिल्ला: 'फीडबॅक समिती'. हातात लॅमिनेट केलेला क्यूआर कोड.

"मॅम, एक मिनिट. स्कॅन करता का?"

"कसला कोड आहे?"

"फीडबॅकचा. तो भरल्याशिवाय सर्टिफिकेट जनरेट होत नाही."

"अरे, मी वक्ता होते."

"हो मॅम, मस्त झालं लेक्चर. पण सिस्टीम तशी आहे."

"मग मला सर्टिफिकेट नको."

आता तो पहिल्यांदा घाबरला. "असं नका ना म्हणू, मॅम. रिपोर्टला तुमच्या सर्टिफिकेटची कॉपी लावावी लागते. नॅकला." नॅक म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था.

हा मुलगा उद्धट असता तर बरं झालं असतं. तो अत्यंत नम्र होता. त्याने कुंडी स्वतःच्या हातात घेतली. मी काहीही म्हटलं तरी तो मान तिरकी करून त्याच शांत सुरात "फॉर्म भरावा लागेल, मॅम" म्हणायचा. मिलग्रॅमच्या आज्ञाधारकतेच्या प्रयोगात लोकांना बटणं दाबून दुसऱ्या माणसाला विजेचे झटके द्यायला सांगतात (झटके खोटे, पण देणाऱ्याला ते माहीत नसतं). तिथला करड्या कोटातला माणूस असाच बोलतो. न चिडता, न धमकावता फक्त 'प्रयोग पुढे चालू राहायला हवा'. मिलग्रॅमच्या पहिल्या प्रसिद्ध अहवालातल्या ४० पैकी २६ जणांनी त्या सुराच्या जोरावर ४५० व्होल्टपर्यंतची बटणं दाबली होती. तासाभरापूर्वी मी हेच स्टेजवरून सांगून टाळ्या घेतल्या होत्या. आता मी पर्समधून मोबाइल काढला.

नाव. मोबाइल. ईमेल. वर्ग: प्रथम, द्वितीय, तृतीय. चौथा पर्याय नाही. मी तृतीय निवडला, वयाच्या मानाने. मग रोल नंबर, त्यावर लाल चांदणी, म्हणजे सक्तीचा.

"माझा रोल नंबर कुठून आणू?"

"कुठलाही टाका ना मॅम. नुसता आकडा पाहिजे."

मी ४७ टाकला.

'वक्त्यांचे विषयावरील प्रभुत्व'. पाच द्यावेत तर शिष्टपणा, तीन द्यावेत तर दीड हजार परत मागतील. मी चार दिले. त्याने स्क्रीनकडे पाहिलं आणि चुकचुकला. "पाच द्या ना. सगळ्यांनी पाचच दिलेत. अ‍ॅव्हरेज खाली येईल."

"कुणाचं?"

"तुमचंच, मॅम."

शेवटचा प्रश्न, 'अशा कार्यक्रमास पुन्हा उपस्थित राहायला आवडेल का?' याला फक्त 'होय' आणि 'नक्कीच' असे दोन पर्याय होते.

मला राग फॉर्मचा नाही. राग आहे तो मानसशास्त्र विभागाने हा फॉर्म करावा याचा. पाच पर्यायांची ही मोजपट्टी लिकर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली मांडली. ती कशी वापरायची यावर आम्ही दर वर्षी कित्येक तास घेतो. काही विधानं उलट्या अर्थाची घाला, म्हणजे डोळे मिटून एकाच रांगेत टिकमार्क करणारे सापडतात. नाव विचारू नका. नाव लिहिलं की माणूस चांगलं दिसायला बघतो. उत्तराच्या बदल्यात बक्षीस ठेवू नका. मोजायची गोष्ट घडून गेल्यावर मोजा. याच विद्यार्थ्यांना आम्ही यावर दहा मार्कांचा प्रश्न घालतो. आणि त्यांनीच केलेल्या फॉर्मवर नाव आहे, नंबर आहे, सर्टिफिकेटचं आमिष आहे, उलटं विधान एकही नाही. 'घडून गेल्यावर' म्हणाल, तर त्या मुलाने मोठ्या कौतुकाने मला प्रतिसादांची शीट दाखवली. पहिले ६१ प्रतिसाद १० वाजून ४० मिनिटांच्या आत आलेले. मी बोलायला उभी राहिले ११:२० ला.

"नंतर सगळे एकदम भरतात ना, नेट स्लो होतं," तो म्हणाला. त्यातल्या ५८ जणांना माझं व्याख्यान 'अत्यंत उपयुक्त' वाटलं होतं.

फोटोंचीही तीच गत. रिपोर्टला लावायच्या फोटोवर अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ उमटलीच पाहिजे. जीपीएस चालू करून मिनिटभर मोकळ्यावर उभं राहिलं, तर ठिकाण नीट पकडतं. हॉलच्या पत्र्याखाली घाईने काढलेल्या फोटोत आमचं दीपप्रज्वलन पलीकडच्या गावात कुठल्याशा पेट्रोलपंपाजवळ झालेलं दिसत होतं. म्हणून सगळ्यांनी बाहेर पोर्चमध्ये विझलेली समई आणून ती पुन्हा पेटवायची असं ठरलं. वाती या वेळी छान भिजलेल्या होत्या, पहिल्या काडीला पेटल्या.

हे चालू असताना एक मुलगी माझ्याजवळ येऊन उभी राहिली होती. काही विचारायचं होतं तिला, पण सगळ्यांसमोर नको होतं. 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी समोरच होती. किल्ली आली, दार उघडलं. आत गेल्या पाच वर्षांचे गुंडाळलेले फ्लेक्स, रस्सीखेचेचा दोर आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. दोन माणसं उभी राहतील एवढीही जागा नव्हती. जिन्याखाली जाऊन आम्ही बोलायला सुरुवात केली, तर पोर्चमधून हाक आली, "मॅडम, ग्रुप फोटो! सगळे थांबलेत!" ती म्हणाली, "राहू दे मॅम, नंतर." मी तिला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर सांगितला. चोवीस तास चालतो, फुकट आहे. तो तिला पाठ होता. पोस्टर स्पर्धेत तिनेच लिहिला होता, दुसरा नंबर आला होता तिचा.

ग्रुप फोटोत मी मधोमध आहे, हातात कुंडी. चेहरा 'अत्यंत उपयुक्त' असा.

सर्टिफिकेट त्याच रात्री मेलवर आलं. मी 'तृतीय वर्ष, रोल नंबर ४७' असून 'नाही म्हणायला शिका' या कार्यशाळेत सक्रिय सहभाग घेतल्याबद्दल माझं अभिनंदन. आज सकाळी फीडबॅक समितीचा मेसेज होता: "गुड मॉर्निंग मॅम. ४७ नंबरचा मुलगा भांडतोय. सिस्टीम एका नंबरवर एकच सर्टिफिकेट देते. तुमचं कॅन्सल करून त्याला दिलं तर चालेल का?"

मी "हो" म्हटलं.