गंधकाचा हायड्रोजन बंध: खोडून टाकण्याआधी एवढे तपासा

रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांमध्ये फिरणारा एक संदेश माझ्या भाचीपर्यंत पोहोचला आणि तिने एम.एस्सी.च्या प्रकल्प-अहवालातून थायोसेमिकार्बाझोन या गंधकयुक्त संयुगाच्या स्फटिकातील एन–एच···एस बंधांचा (नायट्रोजनला जोडलेल्या हायड्रोजनने गंधकाशी केलेल्या हायड्रोजन बंधांचा) परिच्छेद काढून टाकला, म्हणून हे लिहिणे भाग पडले. संदेशाचे म्हणणे असे: हायड्रोजन बंध, म्हणजे एका अणूला जोडलेल्या हायड्रोजनचे दुसऱ्या अणूशी असलेले आकर्षण, फ्लोरिन, ऑक्सिजन आणि नायट्रोजन यांच्याशीच होतो, पाणी द्रव असताना हायड्रोजन सल्फाइड वायुरूप आहे, हाच त्याचा पुरावा, गंधकाची विद्युतऋणता (इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची क्षमता) कार्बनएवढीच असल्याने त्याला तो बंध करताच येत नाही, आणि स्फटिकरचनेच्या तक्त्यात ३ ॲंगस्ट्रॉमहून (ॲंगस्ट्रॉम म्हणजे सेंटीमीटरचा दहा कोटीवा भाग) लांब असलेल्या गंधकाच्या ओळी सॉफ्टवेअरने उगाच छापलेल्या असतात, त्या खोडाव्यात.

पहिल्या मुद्द्यावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. तीन मूलद्रव्यांची यादी शिकवण्याच्या सोयीसाठी आहे, ती व्याख्या नव्हे. आयुपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्याख्येत ग्राही (हायड्रोजन बंध स्वीकारणाऱ्या) अणूंची अशी बंद यादी नाही; बंध झाल्याचा पुरावा मात्र मागितलेला आहे. हायड्रोजन सल्फाइड उणे ६० अंश सेल्सिअसला उकळते, यावरून त्यातील बंध पाण्यातल्यापेक्षा पुष्कळ दुबळे आहेत एवढेच ठरते. त्याच्या दोन रेणूंची जोडी हायड्रोजन बंधानेच जुळलेली असते, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील ई. अरुणन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवून दिले आहे.

सर्वांत घातक आहे तो ओळी खोडण्याचा सल्ला, कारण तो मोजलेली माहिती नष्ट करायला शिकवतो. ३ ॲंगस्ट्रॉमची मर्यादा ऑक्सिजनच्या मापाने आखलेली आहे. नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या व्हॅन डर वाल्स त्रिज्यांची (बंध नसलेले अणू एकमेकांच्या किती जवळ येतात, ते सांगणाऱ्या मापांची) बेरीज सुमारे ३.०७ भरते, तर नायट्रोजन आणि गंधक यांची ३.३५; मोठ्या अणूला लहान अणूची पट्टी लावली, तर त्याचा प्रत्येक बंध लांबच दिसणार. एन–एच···एस बंधात नायट्रोजन ते गंधक हे अंतर बहुधा ३.३ ते ३.५ असते, पण हायड्रोजन ते गंधक हे अंतर २.५ च्या आसपास येते, आणि त्या दोघांच्या त्रिज्यांची बेरीज ३.०० आहे, म्हणजे ते अंतर मर्यादेच्या बरेच आत आहे. शिवाय क्ष-किरणांना हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन-मेघ नायट्रोजनकडे सरकलेला दिसतो, त्यामुळे एन–एच लांबी ०.८६ च्या जवळ धरली जाते. अणुकेंद्राची जागा दाखवणाऱ्या न्यूट्रॉन विवर्तनात ती १.०१ येते. म्हणजे तक्त्यात छापलेले हायड्रोजन-गंधक अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्तच असते. थायोयुरियाच्या स्फटिकातील ज्या नलिकांमध्ये शाखायुक्त हायड्रोकार्बन सामावले जातात, त्या नलिकांच्या भिंती याच बंधांनी उभ्या राहतात. तिथल्या ओळी खोडल्या, तर त्या भिंती कशाने जोडलेल्या आहेत, याला उत्तरच उरत नाही.

सॉफ्टवेअर कधीकधी संशयास्पद संपर्कही तक्त्यात घालते, हे मात्र मान्य करावे लागते. १०० अंशांच्या एन–एच···एस कोनातून (चांगल्या बंधात हा कोन १८० च्या जवळ असतो) जेमतेम शिवणारा हायड्रोजन असेल, तर ती ओळ जरूर काढावी, पण कोन पाहून काढावी, गंधक पाहून नव्हे.

राहिला विद्युतऋणतेचा मुद्दा. गंधक २.५८ आणि कार्बन २.५५, हे आकडे बरोबर आहेत आणि थायोईथरमधला, म्हणजे दोन एकेरी बंधांतला गंधक खरोखरच दुबळा ग्राही आहे. परंतु संदेश लिहिणाऱ्याने सगळे गंधक एकाच मापात घातले. फ्रँक ॲलन आणि सहकाऱ्यांनी केंब्रिजच्या स्फटिकरचना संग्रहातील नोंदी तपासून १९९७ मध्ये जे मांडले, ते इथे निर्णायक आहे: कार्बन-गंधक दुहेरी बंधाच्या शेजारी नायट्रोजन असला, की त्याचे एकाकी (बंधात न अडकलेले) इलेक्ट्रॉन संस्पंदनाने, म्हणजे शेजारच्या बंधांत पसरून, गंधकाकडे सरकतात, तो बंध लांबतो आणि गंधकावर ऋणभार साठतो. या बंधाची लांबी १.७० ॲंगस्ट्रॉमच्या पुढे गेलेल्या, भाररहित रेणूंमध्ये ७० टक्क्यांहून अधिक गंधक हायड्रोजन बंध स्वीकारताना आढळले. त्याच लेखात हेही आहे, की हे बंध कार्बोनिलच्या (कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधातल्या) ऑक्सिजनशी होणाऱ्या बंधांपेक्षा दुबळे असतात, आणि दोन्ही ग्राही एकाच स्फटिकात असतील तर ऑक्सिजनची सरशी होते.

थायोसेमिकार्बाझोनमध्ये त्या कार्बनच्या दोन्ही बाजूंना नायट्रोजन असतो. अशा रेणूंच्या जोड्या आठ अणूंचे वलय करून समोरासमोर बसलेल्या वारंवार आढळतात. तेव्हा तक्त्यातील प्रत्येक ओळीसाठी आधी कार्बन-गंधक लांबी पाहावी, मग एन–एच अंतर न्यूट्रॉनच्या मापाला आणून हायड्रोजन-गंधक अंतर पुन्हा मोजावे, आणि कोन त्याच्या शेजारी लिहावा.