शटरच्या स्प्रिंगबद्दल फिरणाऱ्या मेसेजचा खुलासा

रत्नागिरी-मालवणकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘शटर जड झालं तर मेकॅनिक नको. वरच्या पाइपाला पान्याने दोन फेरे द्या, नाहीतर जाड स्प्रिंग टाका, आयुष्यभर बघायला नको.’ शटरची कामं हाच माझा धंदा, म्हणून सांगतो, यातलं काहीही घरी करू नका.

शटर वरच्या पाइपाभोवती गुंडाळलं जातं आणि स्प्रिंगा त्याच पाइपावर असतात. शटर खाली येताना स्प्रिंग पिळली जाते आणि तोच ताण शटरचं वजन तोलून धरतो. शटर पूर्ण वर असलं तरी थोडा ताण उरतोच. पाइप मोकळा करताना पाना निसटला तर पाइप गरकन फिरतो, आणि मनगट मोडायला तेवढं पुरतं. वर आपण शिडीवर उभे!

जाड म्हणजे चांगली, असंही नाही. स्प्रिंग शटरच्या वजनावर आणि उंचीवर ठरते. गरजेपेक्षा कडक घातली की शटर हातातून सुसाट वर जातं आणि खाली ओढताना लोंबकळावं लागतं. अर्ध्यावर थांबवलेलं शटर साधारण तिथेच राहिलं, तर स्प्रिंग त्या शटरला बरोबर.

आपल्या खाऱ्या हवेत स्प्रिंगा गंजतात. एक तुटली की तिच्या वयाच्या बाकीच्याही बदलून घ्या. मात्र शटर जड झालं तर आधी बाजूच्या पट्ट्या, म्हणजे ज्यांतून शटर वर-खाली सरकतं त्या खाचा, बघा. कित्येकदा दोष तिथल्या वाळूचा आणि गंजाचा असतो. ती सफाई खुशाल स्वतः करा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.