रील बघता येते म्हणजे कॉम्प्युटर येतो असं नाही, जिभाऊ

सध्या धुळे-नंदुरबारकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्यात म्हणे डिजिटल दरी वगैरे काही उरलेलं नाही, कॉलेजच्या प्रत्येक पोराकडे मोबाईल आहे, नेट स्वस्त आहे, दिवसभर रील बघणाऱ्यांनी कॉम्प्युटर येत नाही म्हणून रडू नये, कॉलेजात लॅब असतेच, आणि बहिणाबाईंकडे तरी काय होतं? आमच्या जिभाऊंनी तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली भाचीला टॅग केलं. ती धडगावकडची, शहाद्याला बीए करते. तिला टॅग केलं म्हणून लिहितोय.

नेट स्वस्त झालं, मान्य. २०१६ ला जिओ आलं आणि पाड्यापाड्यावर मोबाईल पोचला. पोरं रीलमध्ये वेळ घालवतात हेही खरंय, पण तो पुण्यातली पोरंही घालवतात, फक्त त्यांच्या टेबलावर लॅपटॉप असतो.

आता तो रीलवाला मुद्दा, याचाच जास्त राग आलाय. बोटाने स्क्रीन सरकवायला काही शिकावं लागत नाही हो! महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी स्कॉलरशिपचा ऑनलाइन फॉर्म भरून बघा. दाखले स्कॅन करा, ठरलेल्या केबीत बसवा, ओटीपी येणार आधारला जोडलेल्या नंबरवर, तो नंबर बापाचा आणि बाप ऊसतोडीला गुजरातेत, तिथे रेंज असली तर फोन लागणार. मग पोरं कॅफेत जातात, कॅफेवाला घाईत स्वतःचाच नंबर टाकून ईमेल उघडून देतो, पासवर्ड त्याच्याच वहीत, आणि पुढच्या वर्षी रिन्यूअलला पोरीला स्वतःचाच ईमेल उघडता येत नाही. भाचीचं हेच झालं, आणि तिला तुम्ही आळशी म्हणताय. प्रोजेक्टही हाताने लिहून डीटीपीवाल्याकडे द्यायचा, पानामागे पैसे मोजायचे, म्हणजे टायपिंग शिकायची वेळच येत नाही.

आकडे हवेत तर केंद्र सरकारच्या एनएसएसची, म्हणजे राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची ७५ वी फेरी बघा, २०१७-१८ ची, देशभराची. १५ ते २९ वयातले कॉम्प्युटर चालवता येणारे शहरात ५६ टक्के, खेड्यात २४. घरात कॉम्प्युटर शहरात २३.४ टक्के, खेड्यात ४.४. जुने आकडे म्हणाल, करोनाच्या आधीचे. पण त्यानंतर आमच्याकडच्या घरांत आला तो मोबाईल, कॉम्प्युटर नाही, आणि तो मोबाईलही बऱ्याच घरात एकच, भावाच्या खिशात.

बहिणाबाईंना मध्ये आणलंत ते तर फारच झालं. आपल्या जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, निदान त्यांची गोष्ट तरी नीट माहीत पाहिजे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. गाणी घरातल्यांनी लिहून ठेवली, मुलाने, सोपानदेवांनी, ती आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि बहिणाबाई गेल्यावर १९५२ ला ती छापून आली. घरात लिहिता येणारं कुणी नसतं तर आज आपल्याला त्यातली एक ओळ तरी माहीत असती का? भाचीच्या घरात कॉम्प्युटर येणारं कोणीच नाही.

राहिली लॅब. ती सायन्सवाल्यांच्या प्रॅक्टिकलमध्येच जाते, मोकळी होईपर्यंत गावाकडची एसटी सुटते. बीएवाल्यांनाही पहिल्याच वर्षी ईमेल, युनिकोड टायपिंग, एक्सेल आणि फॉर्म भरणं शिकवा, स्वतःच्या नंबरवर, तेही कॉलेजच्या वेळेत.