शिल्लक अडतीस टक्के

गंगापूर रोडवरील आमच्या सोसायटीच्या ऑनलाइन सभेत मी खजिनदार या नात्याने लिफ्टच्या दुरुस्तीचा हिशेब वाचत असताना वीज गेली. मोबाइलचे हॉटस्पॉट जोडून मी पुन्हा हजर झालो. लॅपटॉपच्या कोपऱ्यात अडतीस टक्के दिसत होते, म्हणून ‘‘काळजी नसावी, शिल्लक भरपूर आहे,’’ असे मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो आणि त्याच क्षणी पडदा काळा झाला. शिल्लक जाहीर करून खजिनदार गायब झाल्याची वार्ता, मी चप्पल शोधेपर्यंत, तिन्ही विंगांत पोहोचली होती.

एकतीस वर्षे बँकेत रोखपाल म्हणून काढलेल्या माणसाला अडतीस टक्क्यांची तूट झोप लागू देत नाही. एम. जी. रोडवरच्या दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप उघडण्याआधीच ‘‘काका, बॅटरी बदला’’ असा निकाल दिला. पण रोकड न मोजता तिजोरी बदलणे मला पटेना. शेवटी भाच्याने फोनवरून सांगितल्याप्रमाणे कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’ आणि ‘बॅटरीरिपोर्ट’ हे शब्द टंकून मी अहवाल काढला. मूळ क्षमता 42,000 मिलिवॉट-तास आणि सध्याची पूर्ण क्षमता 39,800! सहा वर्षे राबलेली बॅटरी आपण जेमतेम पाच टक्के थकलो असे सांगत होती. वधूवर मेळाव्यातही वय इतके कमी करून कोणी सांगत नाही.

चौकशीअंती कळले ते असे, की बॅटरीत किती भार उरला हे थेट मोजता येतच नाही. गोदावरीला पूर आला की पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागले की कमरेला, एवढे विचारून अवघे नाशिक पुराचा अंदाज बांधते. बॅटरीत असा मारुती नाही. लिथियम सेलचा विद्युतदाब भरलेल्या अवस्थेत साधारण 4.2 व्होल्ट आणि रिकाम्या अवस्थेत 3 च्या आसपास असतो खरा, परंतु मधल्या बऱ्याच टप्प्यात तो फारसा हलतच नाही. त्यामुळे आतली चिप एका चिमुकल्या रोधकातून आत-बाहेर जाणारा प्रवाह मोजून चक्क आवक-जावक लिहीत बसते. बारीक चुका रोज साठत जातात आणि बॅटरी पूर्ण भरण्याचा व पूर्ण रिकामी होण्याचा योग बरेच दिवस आला नाही, तर खतावणी आणि रोकड यांची गाठच पडत नाही. माझा लॅपटॉप तर वर्षानुवर्षे चार्जरलाच जोडलेला होता, म्हणजे या शाखेची तपासणी कधी झालीच नव्हती.

मग मी तपासणी मांडली. बॅटरी पूर्ण भरली, दोन तास तशीच ठेवली, लॅपटॉपचे आपोआप झोपणे बंद केले, चार्जर काढला आणि वेळ जावा म्हणून मुलीच्या लग्नाची चित्रफीत लावली. सौभाग्यवती कौतुकाने येऊन बसल्या. पाचवे मंगलाष्टक संपले, भटजींनी ‘‘शुभमंगल साव’’ एवढे म्हटले आणि अंधार झाला. टक्के पुन्हा अडतीस. थोड्या विश्रांतीनंतर बॅटरी पुन्हा पूर्ण भरली आणि दुसऱ्या दिवशी हाच विधी पुन्हा केला. मुलीचे लग्न याही वेळी लागले नाही. (हा उद्योग वारंवार करू नये, पूर्ण रिकामे होणे लिथियमला मानवत नाही.)

तिसऱ्या दिवशीच्या अहवालात पूर्ण क्षमता 24,600 झाली होती. मी कागद घेतला. जुन्या 39,800 चे बासष्ट टक्के काढले, तर 24,676 आले. एकूण एक हिशेब जुळला! तूट नव्हतीच, जी रक्कम तिजोरीत कधीच उरली नव्हती, तीच खतावणी अडतीस टक्के म्हणून दाखवत होती. बँकेत असा ताळा जुळल्यावर आम्ही भजी मागवत असू, म्हणून मी आनंदाने स्वयंपाकघरात गेलो.

‘‘अहो, म्हणजे तीन दिवस खपून बॅटरी होती तेवढीच चालणार?’’

‘‘हो,’’ मी म्हणालो, ‘‘पण आता शून्य होऊन बंद पडेल.’’

भजी झाली नाहीत.