यूपीआयचे अडकलेले पैसे ॲपकडे नसतात

‘पैसे कापले गेले पण पोहोचले नाहीत, तर ते ॲपवाल्या कंपनीने धरून ठेवलेले असतात. ॲप काढून पुन्हा टाका, सुटतील. तुमचा पिनही त्यांच्याकडे असतोच,’ असा संदेश गटागटांत फिरतो आहे.

आधी पिन. आकडे दाबायचा तो पडदा ॲपचा नसतोच. एनपीसीआय, म्हणजे यूपीआय चालवणारी संस्था, तिने दिलेला प्रोग्रॅम तो दाखवतो आणि पिन फोनमध्येच कूटबद्ध करतो. ॲपला तो वाचता येत नाही. तपासते ती तुमची बँक.

पैशांचंही तसंच. ॲप क्यूआरमधला यूपीआय आयडी वाचतं आणि रक्कम व कुलूपबंद पिन जोडून भागीदार बँकेमार्फत एनपीसीआयच्या स्विचकडे, म्हणजे बँकांमध्ये निरोपांची ने-आण करणाऱ्या यंत्रणेकडे, निरोप धाडतं. आयडीमागचं खातं शोधून स्विच तुमच्या बँकेला रक्कम वजा करायला सांगतो. होकार आला तरच समोरच्या बँकेला जमा करायला. नोंदी पडतात त्या या दोन बँकांच्या सर्व्हरवर. (ॲपच्या वॉलेटमध्ये भरलेले पैसे मात्र वेगळे, ते खरोखर कंपनीकडे असतात. गोंधळाचं मूळ बहुधा तेच.)

मग अडकतं कुठे? अनेकदा शेवटच्या टप्प्यात. जमा करण्याचा निरोप गेला, पण उत्तर वेळेत आलं नाही. रक्कम जमा झाली की नाही, हे तेव्हा स्विचलाही ठाऊक नसतं. लगेच परत केली आणि तिकडे जमाही झालेली असली, तर एकाच व्यवहाराचे पैसे दोघांकडे! म्हणून ‘पेंडिंग’ दिसतं आणि बँका नोंदी ताडून पाहतात. तोवर घाईने दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका. पहिले पोहोचलेले असू शकतात.

ॲप काढून टाकल्याने यातलं काहीच हलत नाही, कारण नोंद फोनवर अवलंबून नाही. उलट सिमवरून एसएमएस पाठवून फोनची नोंदणी पुन्हा करावी लागते.

रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार, व्यक्तीला पाठवलेली रक्कम जमा झाली नाही तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवी. दुकानदाराच्या व्यवहारात मुदत पाच दिवसांची. पुढे दररोज 100 रुपये भरपाई. तक्रार ॲपमध्ये त्या व्यवहारावरूनच करा, व्यवहाराची ओळख असलेला 12 अंकी यूटीआर नंबर टिपून ठेवा. बँकेकडून 30 दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.