चाळकेवाडीचे पंखे, माणचा पाऊस आणि गावाचा वाटा

जमिनीवरच्या पवनऊर्जेची बाजू मांडणाऱ्या माझ्या लेखावर माण तालुक्यातल्या एका वाचकाने सविस्तर प्रतिक्रिया लिहिली. थोडक्यात म्हणणं असं: सातारा जिल्ह्यातल्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांचे पंखे आले आणि पाऊस गेला, कारण ते ढग पुढे ढकलतात. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर ते नुसते उभे असतात, अनुदानावर जगतात. जमिनी एजंटांनी कवडीमोलाने उचलल्या, वीज गेली कारखान्यांना, गावातलं भारनियमन तसंच राहिलं. आणि शेवटी प्रश्न, "घारी-गरुड दिसेनासे झाले, ह्याला हरित ऊर्जा म्हणायचं का?" उत्तर लांबलं, म्हणून स्वतंत्र लिहितो.

नमस्कार. आधी पावसाचं बोलू, कारण तिथे मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही. घरातला पंखा वीज खातो आणि वारा ढकलतो. पवनचक्कीत नेमकं उलटं घडतं. वारा पात्यांना ढकलतो, पाती त्याचा थोडा जोर काढून घेतात, आणि मागे जाणारा वारा आधीपेक्षा मंद असतो. ढग रेटायला लागणारं बळ तिच्यात येणार कुठून? शिवाय पठारावरच्या जुन्या यंत्रांचं पातं सगळ्यात वर गेलं तरी जमिनीपासून शंभरेक मीटरपर्यंत पोचतं, आणि पावसाळी ढगांची जाडी किलोमीटरमध्ये मोजतात. १८७६-७८ चा आणि १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा सह्याद्रीवर असा एकही पंखा नव्हता. राज्यातली वाऱ्यावर वीज बनवणारी पहिली यंत्रं १९८६ च्या सुमारास रत्नागिरीच्या किनाऱ्यावर लागली. चाळकेवाडी-वनकुसवड्याचं पठार त्यानंतर बऱ्याच वर्षांनी भरलं.

मग दोन्ही गोष्टी एकत्र का दिसतात? कारण डोंगर एकच आहे. अरबी समुद्रावरून आलेला वारा सह्याद्रीच्या भिंतीला धडकून वर चढतो, माथ्यावर दाटतो आणि वेग घेतो. म्हणून अकराशे मीटरच्या वरचं ते पठार पंख्यांना सोयीचं. तोच वारा चढताना पाणी सांडून देतो आणि पूर्वेला उतरताना कोरडा होतो. महाबळेश्वरला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि त्याच जिल्ह्यात तुमच्या माणमधल्या दहिवडीला जेमतेम पाचशे, हे त्यामुळेच. यंत्रांचा हवेवर काहीच परिणाम होत नाही असंही नाही. पात्यांमागे हवा घुसळली जाते, आणि टेक्सासमधल्या मोठ्या पवनक्षेत्रांत रात्री जमिनीचं तापमान किंचित वाढतं, हे उपग्रहांच्या नोंदींवरून २०१२ साली दाखवलं गेलं. पण तो परिणाम त्या परिसरापुरता.

ह्या मुद्द्यावर मी इतका अडून बसतो त्याला कारण आहे. कंपनीबरोबरच्या बैठकीत ढगांचा विषय निघाला की समोरच्याचं काम सोपं होतं. तो हवामानशास्त्र सांगतो, गावाला अडाणी ठरवतो आणि मोकळा होतो. जमिनीच्या कागदांवर मग कुणी बोलतच नाही. तुमची खरी तक्रार त्या खोट्या तक्रारीखाली गाडली जाते.

आता चार महिन्यांचं. हे निरीक्षण बरोबर आहे. आपल्याकडे वर्षभराच्या पवनविजेतला मोठा वाटा जून ते सप्टेंबरमध्येच येतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ऊर्जा आठपट होते, त्यामुळे आषाढातला वारा आणि मार्गशीर्षातली झुळूक यांची तुलनाच होत नाही. सेकंदाला तीनेक मीटरच्या खाली पातं हलून उपयोग नसतो, आणि पंचवीसच्या वर वारा गेला की यंत्र स्वतःच पाती वळवून थांबतं. पण म्हणून ते फुकट ठरत नाही. २ मेगावॉटचं यंत्र वर्षभरात पूर्ण क्षमतेच्या २५ टक्के जरी चाललं तरी ४४ लाख युनिटच्या आसपास वीज देतं. महिन्याला १०० युनिट वापरणारी साडेतीन हजारांहून जास्त घरं त्यात भागतात. तुम्ही म्हणाल, पावसाळ्यात पंप बंद असतात, मग ती वीज हवी कुणाला? अहो, त्याच दिवसांत खाणींत पाणी भरतं आणि कोळसा कमी येतो. २०२१ च्या पावसाळ्याच्या शेवटी देशातल्या औष्णिक केंद्रांकडे काही दिवसांचाच साठा उरला होता. कोयना धरणाचंही बघा. पश्चिमेकडे सोडून वीज करायला वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाण्याची मर्यादा आहे. जुलैत वाऱ्याने भार उचलला तर त्यातलं जे पाणी वाचेल ते एप्रिल-मेच्या संध्याकाळी वापरता येतं. सौर वीज मावळते तेव्हाही वारा असतो, हा आणखी एक फायदा.

अनुदानाचा आरोप जुन्या काळाला चपखल लागू पडतो. तेव्हा पवनचक्की उभारणाऱ्याला किमतीच्या ८० टक्के घसारा, म्हणजे यंत्र झिजल्याची करातली वजावट, पहिल्याच वर्षी दाखवता यायचा, त्याआधी तर १०० टक्के. मग किती वीज झाली यापेक्षा यंत्र आर्थिक वर्षात उभं राहिलं की नाही, याला महत्त्व आलं. ज्यांनी पठार कधी पाहिलंही नाही असे लोक पंख्यांचे मालक झाले. २००९ पासून युनिटमागे ५० पैसे देणारी योजना आली, आणि २०१७ मध्ये देशात पवनविजेचे लिलाव सुरू झाल्यावर युनिटचा दर ३.४६ रुपयांवर आणि वर्ष संपायच्या आत २.४३ रुपयांवर उतरला. त्यामुळे आज लावल्या जाणाऱ्या यंत्रांना तोच शिक्का मारणं योग्य नाही.

घारी-गरुडांबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून मला बरं वाटलं, कारण शहरातल्या वाचकांपैकी कुणालाच ते सुचलं नव्हतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी चाळकेवाडीच्याच पठारावर काम करून २०१८ साली निष्कर्ष छापले. पंखे असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चारपट कमी आढळले. ते कमी झाल्यामुळे गळ्याला पंख्यासारखी निळी-केशरी कातडी असलेले सरडे वाढले. सरडे निर्धास्त झाले, माणूस जवळ येईपर्यंत पळेनात, पण गर्दीमुळे अन्न कमी पडून अंगाने खंगले आणि नरांच्या गळ्याचे रंगही फिके पडले. म्हणजे वरचा शिकारी कमी झाल्याची झळ थेट खालच्या सरड्याच्या अंगावर दिसते. हरित म्हणायचं ते कर्बाच्या हिशोबाने: यंत्र बनवण्यापासून मोडीत काढेपर्यंतचा सगळा धूर धरला तरी जमिनीवरच्या पवनविजेला युनिटमागे ११ ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड पडतो, कोळशाला ८२० च्या आसपास. हा फरक प्रचंड आहे आणि मी त्यावर ठाम आहे. पण त्यामुळे प्रत्येक सडा, म्हणजे खडकाळ पठार, पंख्यांना द्यायलाच हवा असं होत नाही. फुलांच्या कास पठाराशेजारची पठारं वगळूनही वाऱ्याच्या जागा उरतात.

आता जमीन. इथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूचा आहे. पठारावरची जमीन नाचणी-वरीपुरती, सातबाऱ्यावर दहा-पंधरा नावं, निम्मे वारस मुंबईत. अशा ठिकाणी एजंट एकेका वारसाला गाठतो, एकरकमी पैसे देतो आणि खरेदीखत करून घेतो. कशासाठी घेतोय हे सांगतोच असं नाही. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात वनजमिनीवर पंखे आले तेव्हा ती कसणाऱ्या आदिवासींना रस्त्यावर उतरावं लागलं. तयार झालेली वीज उपकेंद्रातून थेट उच्चदाबाच्या वाहिनीवर जाते, गावाला वीज पुरवणारी वाहिनी (फीडर) वेगळीच असते. म्हणून दारात पंखा फिरतो आणि घरात दिवा जातो. यात तंत्राचा दोष नाही, पण अन्याय आहेच, आणि तो करारात दुरुस्त करता येतो.

जर्मनीने २०२१ च्या कायद्यात तशी सोय केली. अडीच किलोमीटरच्या परिघातल्या गावांना कंपनी युनिटमागे ०.२ युरो-सेंट देऊ शकते. आपल्या २ मेगावॉटच्या यंत्राला हे मोजमाप लावलं तर एका यंत्रामागे वर्षाला आठ लाख रुपयांच्या आसपास रक्कम होते, तीही यंत्र चालेल तोवर दर वर्षी. एजंटाने एकदाच टेकवलेल्या रकमेशी ही ताडून बघा.

आणि हे मागायची वेळ आत्ताच आहे. पठारावरची पहिली यंत्रं पंचवीस वर्षांच्या आसपास आली, त्यांचं आयुष्य साधारण तेवढंच धरतात. केंद्राचं जुनी यंत्रं बदलण्याचं धोरण २०१६ मध्ये आलं आणि २०२३ मध्ये सुधारलं गेलं. तीनशे-साडेतीनशे किलोवॉटची बरीच यंत्रं काढून त्यांच्या जागी मोजकी मोठी लावता येतात, म्हणजे टॉवर कमी, रस्ते कमी, सड्याला थोडा श्वास. पण मोठ्या यंत्राला जागा, रस्ता, वाहिनी नव्याने लागणार, आणि तेव्हा कंपनीला गावाकडे यावंच लागेल. ग्रामसभेने त्याआधी ठराव करून ठेवावा: विक्री नाही, भाडेपट्टा, भाडं युनिटवर, जुन्या यंत्राचा पाया आणि पाती उचलून न्यायची जबाबदारी करारातच. तुमच्या ओळखीत पठारावरच्या कुणाकडे जुन्या खरेदीखताची प्रत असेल तर त्यातल्या अटी मला कळवा, नावं झाकून. ठरावाचा मसुदा आपण इथेच मिळून तयार करू.